जुनी मोटार आणि पासिंगचा दिवस
(रेडिओवरील भाषण)



मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून नियमाने इतिहासजमा झाली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात या जातीच्या शेवटच्या गाडीची टॅक्सी म्हणून नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे त्या मुदतीबरोबर तिचा रस्त्यावरचा हक्कही संपला. त्या वेळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आणि ती अगदी रास्त होती. परंतु दिवसपाळी आणि रात्रपाळी करीत, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून वाट काढीत, खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहूनही ही मोटार इतकी वर्षे कशी धावली, याचे उत्तर त्या हळहळीत फारसे आढळले नाही. माझ्या मते ते उत्तर तिच्या मूळ बांधणीत जेवढे आहे, तेवढेच तिच्या वाट्याला ठरल्या मुदतीने येणाऱ्या त्या एका दिवसात आहे, ज्याला टॅक्सीवाले, गॅरेजवाले आणि परिवहन खात्याचे निरीक्षक सारेच ‘पासिंग’ म्हणून ओळखतात. आज मी बोलणार आहे ते या पासिंगविषयी, आणि विशेषतः ज्यांच्या मोटारींना असे वार्षिक बोलावणे कधीच येत नाही त्यांच्याविषयी.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये टॅक्सी, रिक्षा, बस, ट्रक अशा प्रत्येक व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतन करून घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांची असते. या १५ वर्षांत तिचे ब्रेक लागतात की नाही, तिचा तळ शाबूत आहे की गंजून चाळण झाला आहे, हे पाहण्यासाठी सरकारचा कोणीही माणूस तिच्याखाली वाकत नाही. पंधरा वर्षे भरल्यावर ती एकदा कार्यालयात रुजू करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. मला ही तफावत न्याय्य वाटत नाही. भाड्याने चालणारी गाडी अधिक धावते आणि म्हणून अधिक झिजते, हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे. कारण गंज, रबराचे कडक होणे आणि ब्रेकच्या तेलात पाणी मुरणे हे तीनही विकार धावण्याने होत नाहीत, ते काळाने होतात, आणि उभ्या असलेल्या मोटारीला तर ते अधिकच लवकर जडतात. वीस वर्षांची टॅक्सी दरवर्षी तपासली जावी आणि शेजारच्या फाटकाआड उभी असलेली तितकीच वृद्ध खाजगी मोटार पाच-पाच वर्षे कोणी पाहू नये, यात रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा विचार झालेला दिसत नाही.

मी स्वतः एक जुनी पद्मिनी बाळगून आहे, म्हणून उदाहरणे तिचीच देतो. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० या इटालियन मोटारीची भारतीय आवृत्ती बाहेर पडू लागली, आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटीमीटरचे साधे पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची रचना आहे. यातला प्रत्येक भाग उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा बसवता येतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ला-कलिन्याच्या बाजूला सी. एस. टी. रोडवर चिकाटीने हिंडले, तर तिचे सुटे भाग अजूनही पदरात पडतात. तेव्हा जुनी मोटार सुस्थितीत ठेवणे अशक्य असते असे म्हणणाऱ्याने आधी एखाद्या टॅक्सीच्या मेस्त्रीशी बोलावे.

या मेस्त्री लोकांची पासिंगची तयारी मी पुष्कळ वेळा जवळून पाहिली आहे. त्यातले उत्तम कारागीर गाडी आत आली की बॉनेट उघडत नाहीत. ते प्रथम ब्रेकचा पाय दाबून पाहतात. पेडल एका दाबात घट्ट लागत नसेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर लायनर झिजलेले आहेत किंवा नळीत हवा शिरली आहे. ते घट्ट लागून पाय तसाच ठेवला असता हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले आहे. आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बहुधा एखाद्या चाकाच्या सिलिंडरातला पिस्टन गंजून अडकलेला आहे. हा तिसरा दोष आपल्या कोकणपट्टीत फार आढळतो, आणि त्याचे मूळ ब्रेकच्या तेलात आहे. हे तेल हवेतील दमटपणा शोषून घेते. नव्या, कोरड्या डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पाणी मुरल्यावर तो १४० अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापले, तर जुन्या तेलातील पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीला जाऊन टेकते. पुष्कळशा जुन्या मोटारींत चारही चाकांना तेल एकाच नळीवाटे जात असल्यामुळे एका ठिकाणी झालेला बिघाड चारही चाकांचा ब्रेक एकदम हिरावून घेतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे दर दोन वर्षांनी थोडेसे तेल बदलण्याचा आणि वर्षातून एकदा चारही ड्रम उघडण्याचा कंटाळा किती महाग पडू शकतो हे निराळे सांगावे लागणार नाही. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परिवहन कार्यालयांना ब्रेकच्या परीक्षेसाठी २५० मीटर लांबीचा स्वतंत्र मार्ग राखावा लागला, तो याच कारणाने. ब्रेक डोळ्यांनी तपासता येत नाही. त्यासाठी गाडी पळवून थांबवावी लागते.

ब्रेकच्या खालोखाल मी गंजाला महत्त्व देतो, आणि येथे पद्मिनीसारख्या मोटारीची एक गोष्ट अनेक मालकांना ठाऊक नसते. ट्रकला किंवा जीपला जशी खाली स्वतंत्र चेसिस असते, तशी तिला नाही. तळाचा, बाजूंचा आणि दरवाज्यांखालच्या पेटीचा जो पत्रा एकत्र जोडलेला आहे, तोच तिचा सांगाडा. त्यामुळे दरवाज्याखालचा पत्रा सडला म्हणजे केवळ शोभा गेली असे नव्हे, तर घराच्या तुळईला वाळवी लागावी तशी गत झाली. मागच्या पाट्यांचे कान जेथे तळाला जोडलेले असतात, तेथे तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकलाच पाहिजे. धड पत्रा खणखणतो, सडलेला पत्रा बद्द वाजतो. अशा जागी पुट्टी भरून वरून काळा रंग मारणे हा प्रकार पासिंगच्या आधीच्या आठवड्यात सर्रास चालतो आणि तो मला अत्यंत निषेधार्ह वाटतो. सडलेला पत्रा कापून काढून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे, हाच त्यावरचा एकमेव प्रामाणिक इलाज आहे. आणि पाऊस संपताच तळ गोड्या पाण्याने धुवून, पाणी बाहेर जाण्याची भोके मोकळी करून, सुकल्यावर त्यावर गंजरोधक लेप देणे हा त्याचा प्रतिबंध.

स्टिअरिंगची परीक्षा घरच्या घरी होण्यासारखी आहे. पुढचे चाक जॅकवर उचलावे, वरून आणि खालून धरून हलवावे; खडखड जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवण्यास सांगून पुन्हा हलवावे. खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, न थांबली तर किंगपिनचा. डाव्या-उजव्या बाजूने हलवून ढिलाई जाणवली तर टाय रॉडची टोके पाहावीत. या जागांना ग्रीस मिळत राहिले तर त्या वर्षानुवर्षे टिकतात.

टायरांविषयी लोक फक्त नक्षीची खोली पाहतात. ती १.६ मिलिमीटरहून कमी झाली की टायर बदलावाच लागतो, हे बरोबर; परंतु कमी धावणाऱ्या जुन्या मोटारीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेथे २३१२ असे असेल, तर तो टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि नक्षी कितीही ठळक असली तरी ओल्या रस्त्यावर त्याच्या कडक झालेल्या रबरावर भरवसा ठेवणे गैर आहे. दिवे मंद वाटले की अधिक प्रखर बल्ब लावण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी दिव्याची अर्थची तार पत्र्याला जेथे स्क्रूने बसवलेली असते ती जागा घासून स्वच्छ करावी. बहुतेक वेळा प्रकाश तेवढ्यानेच परत येतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

धुराच्या बाबतीत सरकारचा दंडक मोजमापाचा आहे. कार्बोरेटरच्या जुन्या मोटारीला सावकाश चालणाऱ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत माफ आहे आणि तिचे पीयूसी सहा महिन्यांचेच मिळते. काळा धूर पेट्रोल अधिक जाते असे सांगतो, निळा धूर इंजिन ऑइल जळते असे सांगतो. सकाळच्या पहिल्या मिनिटातली पांढरी वाफ बहुधा निरुपद्रवी असते. पण अलीकडे एक नवी काळजी उत्पन्न झाली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर मिळते, आणि पद्मिनीच्या काळातील रबरी नळ्या, गॅस्केटे व पंपाचे पडदे या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. इथेनॉल त्यांना फुगवते, भेगाळते. टाकीत साचलेला मळ सोडवून कार्बोरेटरच्या जेटपर्यंत नेते. आणि पाणी शोषत असल्यामुळे टाकीला आतून गंज आणते. तापलेल्या इंजिनाच्या वर पेट्रोलची भेगाळलेली नळी, यापेक्षा धोक्याची गोष्ट जुन्या मोटारीत दुसरी नाही. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या पहिल्या संधीला बसवून घ्याव्यात, आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर तीच ती टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नये.

कागदपत्रांसंबंधी दोनच शब्द. नूतनीकरणाचा २५ क्रमांकाचा अर्ज नोंदणीची मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती बरोबर असावी लागते, आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घ्यायचा असल्यामुळे ती जागा आधीच घासून, गंज काढून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तेव्हा मालकांनी मोठी तक्रार केली. त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. परंतु शुल्काची तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या वर्षी आपल्या मोटारीच्या चार चाकांतील रबरे बदलली होती, हा प्रश्न मी स्नेही मंडळींना विचारतो, तेव्हा बहुतेकांकडून उत्तर येत नाही.

आणि येथेच माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे. तपासणीच्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीचे टायर चढवून आणणे आणि संध्याकाळी परत करणे, दिव्यांची जोडणी एका दिवसापुरती करणे, हे सारे निरीक्षकाला चुकवण्यासाठी केले जाते; परंतु निरीक्षक त्या गाडीत बसून पुढे कोठेच जाणार नसतो. जाणार असतात ती आपली मुलेबाळे, आपले वृद्ध आईवडील, आणि रस्ता ओलांडणारा एक अनोळखी माणूस, ज्याने आपल्या ब्रेकविषयी कोणताही दाखला पाहिलेला नसतो आणि जो तरीही त्यांच्यावर विसंबून पाऊल पुढे टाकतो. प्रमाणपत्रावर शिक्का पडतो तो एका दिवसाच्या स्थितीवर. मोटार सुस्थितीत असावी लागते ती उरलेल्या सर्व दिवशी.

शासनाने पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारींनाही टॅक्सीप्रमाणे दरवर्षी तपासणीस बोलवावे, आणि ती तपासणी अल्प शुल्कात, यंत्रांच्या साह्याने व अडवणूक न होता व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तो नियम होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या दारी दहा-पंधरा वर्षांहून जुनी मोटार आहे अशा श्रोत्यांना माझी विनंती आहे, की येत्या मे महिन्यात, पावसाला आरंभ होण्यापूर्वी, तिला एखाद्या टॅक्सीच्या मेस्त्रीकडे न्या, खड्ड्यावर घ्या, चारही चाके उतरवा आणि तो काय दाखवतो ते स्वतः खाली उतरून पाहा. आणि जे काम तो सांगेल त्यापैकी पैशांअभावी काही मागे ठेवणे भागच असेल, तर रंग मागे ठेवा, गादीची कापडे मागे ठेवा, ब्रेक मागे ठेवू नका.