आपल्या वाट्याचे शरद



पाऊस आता मागे सरला आहे. ओढ्याचे गढूळ पाणी निवळून तळातले गोटे दिसू लागले आहेत. सकाळी बांधावरच्या गवतावर दव असते, आणि दुपारी मात्र असे ऊन पडते की वाटावे, वैशाख वाट चुकून आला की काय! आश्विन आणि कार्तिक, हे दोन महिने म्हणजे आपला शरद ऋतू. जुने लोक आयुष्य मोजीत ते शरदांनी. शंभर शरद पाहा, असा आशीर्वाद देत. आज मीही तुमच्यापुढे शरदांचाच एक लहानसा हिशेब मांडणार आहे. हिशेब सोपा आहे, पण मला तो फार उशिरा सुचला. तुम्हाला वेळेवर सुचावा, एवढ्यासाठीच हे बोलणे.

मी साताऱ्याच्या बाजूचा एक प्राथमिक शिक्षक. थोडी जमीन आहे. घरी आई आहे, मंडळी आहे, तीन मुले आहेत. मुलांना वर्षातून एकदा कुठेतरी लांब हिंडवून आणले की बापाचे काम झाले, अशी माझी समजूत होती. एका वर्षी सहामाहीच्या सुट्टीत भाड्याची जीप केली आणि एका नावाजलेल्या ठिकाणी सगळ्यांना घेऊन गेलो. काय सांगू! घाटात दोघांना उलट्या झाल्या. वर गाड्यांची रांग. पाण्याची बाटली काय, भजी काय, सगळ्याचे दाम दुप्पट. मी चिडलेला, मुलांची आई दमलेली. येताना एका मोरीपाशी जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलीपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो, शेंगा-गूळ खाल्ला, आणि खाली पाण्याच्या कडेला शेपटी खालीवर हलवीत फिरणारे पक्षी मोजले. घरी आल्यावर आईने धाकट्याला विचारले, "काय रे, सगळ्यांत काय आवडलं?" तो म्हणाला, "आज्जी, गाडी पंक्चर झाली ते!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, पण रात्री ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हजारो रुपये खर्चून जे दिले ते पोराला आठवत नव्हते. अर्धा तास आम्ही काही न करता एकत्र बसलो, तेवढे त्याला आठवत होते.

पुढच्या जूनमध्ये थोरला दहावी होऊन वसतिगृहात गेला. त्या दसऱ्याला घरात त्याची चप्पल नव्हती, आणि मग मी हिशेबाला बसलो. पाहा बरे. मूल चार वर्षांचे झाले की बोट धरून बांधापर्यंत चालते. सोळाव्या वर्षी ते शिक्षणासाठी घराबाहेर पडते. मधले शरद किती? बारा. शेवटचे दोन अभ्यासात जातात. राहिले दहा! एका मुलाबरोबर आपल्या वाट्याला हिंडण्या-खेळण्याचे असे दहाच शरद येतात. थोरल्याचे दहाही संपले होते, आणि त्यांतला मी सोबत होतो असा एक पंक्चरचा अर्धा तास तेवढा मला सापडला.

तेव्हापासून धाकट्या दोघांच्या बाबतीत मी एक नेम केला. लांब जायचे नाही, पण रोज थोडे जायचे. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास. त्या वेळात कुणाला रागवायचे नाही, पाढे विचारायचे नाहीत, आणि फोन घरात कोनाड्यात ठेवायचा; मुलांचा नव्हे, माझा!

या अर्ध्या तासात करायचे काय, असे तुम्ही विचाराल. शरदात याची वाण नाही.

मोरीवरचे ते पक्षी म्हणजे धोबी. काही लोक परीटही म्हणतात. पाऊस सरला की हे उत्तरेकडून, हिमालयाच्या बाजूने आणि त्याच्याही पलीकडून येतात, हिवाळा आपल्याकडे काढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. धोब्याचा एक जातभाई, कवड्या धोबी, बारा महिने आपल्याकडेच असतो; तेव्हा पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे ओळखण्याची मजा आहे. आमच्या मधलीने एक वही केली आहे. पहिला पाहुणा धोबी कोणत्या तारखेला दिसला ते ती दर वर्षी लिहिते. शिक्षक बंधुभगिनींनो, एवढी एकच नोंद वर्गातल्या तीस मुलांनी ठेवली, तर गावाजवळचे भूगोलाचे केवढे पुस्तक तयार होईल!

फुले पाहायची तर बांधावर तेरडा असतो, डोंगरउतारावर पिवळी सोनकी असते. आमच्या जिल्ह्यातले कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथे जरूर जावे, पण प्रवेशाचे नियम पाळून आणि गर्दीचा दिवस टाळून. तिथली काही फुले आपल्या जवळच्या सड्यावरही भेटतात. ओल्या कातळावर निळी-जांभळी सीतेची आसवे दिसली तर मुलांना गुडघ्यावर बसवून दाखवा. एवढेसे नाजूक रोप, पण त्याला बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. हे ऐकून धाकट्याने विचारले, "बाबा, मग ही आसवं सीतेची की त्या किड्यांची?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

मुलींसाठी हस्ताचा हादगा आहे, नवरात्रातला भोंडला आहे. सूर्य हस्त नक्षत्रात येतो तो सप्टेंबरच्या अखेरीस, तेव्हापासून सोळा दिवस हादगा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. आमच्याकडे यात मुलगेही शिरतात. खिरापत ओळखायला नाक लागते, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

दसऱ्याला सोने लुटताना आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडतात, आणि पुष्कळदा आपटा म्हणून कांचनच तोडतात. आपट्याचे पान लहान आणि जाडसर, कांचनाचे मोठे. आम्ही आपट्याच्या झाडाखाली जाऊन दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहतो, आणि माणशी एकच पान घेतो. गेल्या पावसाळ्यात मुलांनी शाळेच्या कुंपणाशी आपट्याची दोन रोपे लावली. तीही त्याच हिंडण्यातून आली.

मग कोजागरी. आश्विनातली पौर्णिमा. त्या रात्री चंद्र अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून महिन्याचे नाव आश्विन. पुढच्या पौर्णिमेला तो कृत्तिकांच्या जवळ जातो, म्हणून कार्तिक. महिन्यांची नावे आकाशात लिहिलेली आहेत, हे मुलांना अंगणात कळते तसे फळ्यावर कळत नाही. हे मी शिक्षक असून कबूल करतो. मात्र भर चांदण्यात बारीक तारे दिसत नाहीत. तेव्हा कोजागरीला दूध प्यावे, आणि दिवाळीच्या काळोख्या रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेला कृत्तिकांचा झुबका शोधावा. प्रत्येकाने मनात तारे मोजावे आणि मग आकडा सांगावा. बहुतेकांना सहा दिसतात. आईला एकही दिसत नाही, पण ती दर वर्षी "सात" म्हणते, आणि आम्ही ते मान्य करतो.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुमचे ठीक आहे. आमच्या सोयाबीनची काढणी चालू, भुईमूग उपटायचा, शाळू पेरायचा. आम्हाला कुठला अर्धा तास? खरे आहे. काढणीच्या दिवसांत मीही रोज जाऊ शकत नाही. तेव्हा मुलांना बरोबर शेतात न्यावे. पण कामाला म्हणून नव्हे. शेंगा भाजायच्या, बुजगावण्याला सदरा घालायचा, एवढ्यासाठी. काम आणि खेळ यांत तेवढाच फरक असतो, आणि तो मुलांना बरोबर कळतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या भागात साखर कारखाने आहेत. शरद आला की ऊसतोड करणारी कुटुंबे मुलाबाळांसह येतात आणि गावाबाहेर कोप्या पडतात. एका वर्षी दिवाळी उशिरा होती. धाकटा आणि त्याचे सवंगडी अंगणात मातीचा किल्ला करीत होते. बुरूज झाले, मोहरी पेरून शेत झाले, मावळे बसले. कोपीतला एक मुलगा दोन दिवस लांबून पाहत होता. तिसऱ्या दिवशी मंडळीने त्याला हाताला धरून आणले. त्याने काय केले असेल? किल्ल्याच्या पायथ्याला पाचटाची एक इवलीशी कोपी केली, काडीची बैलगाडी केली आणि म्हणाला, "गडावर एवढी माणसं, मग खाली राबतंय कोण?" आमच्या पोरांना इतकी वर्षे हे सुचले नव्हते. आता दर वर्षी आमच्या किल्ल्याखाली एक कोपी असते. तो मुलगा पुढे कुठे गेला, ते कळले नाही. त्याच्या आई-वडिलांना अर्धा तास कुठून मिळणार? म्हणून ज्यांना मिळतो त्यांनी आपल्या फेरात, आपल्या किल्ल्यावर, आपल्या अंगणात अशा एखाद्या मुलाला जागा द्यावी. शिक्षकांना तर हे सहज जमेल.

थोरला गेल्या दिवाळीत चार दिवस आला होता. मला वाटले, आता हा आमच्याबरोबर कशाला येतो! पण संध्याकाळी मी चप्पल घातली तर तोही उठला. मोरीपर्यंत आम्ही चालत गेलो. फारसे बोललो नाही. परत फिरताना तो म्हणाला, "बाबा, हे आधी का नाही सुरू केलंत?" रागाने नव्हे, सहज म्हणाला. मी त्याला खरे तेच सांगितले, "मला माहीतच नव्हतं रे, इतकं सोपं असतं ते."

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरी चार वर्षांचे मूल असेल तर तुमच्या हाती दहा शरद आहेत. दहा वर्षांचे असेल तर चार. आज ऊन कलले की उठा, कुणाचे तरी बोट धरा आणि ओढ्यापर्यंत जाऊन या. पाहुणे आले आहेत का, ते बघा.