हिमसागराच्या सफरीचा पोषाख

दक्षिण अमेरिकेच्या अगदीं शेंड्यावर, आर्जेंटिनांत, उश्वाया नांवाचें बंदर आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे तिकडील उन्हाळ्यांत, येथून प्रवाशांचीं जहाजें अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाकडे निघतात. मध्यें ड्रेकच्या सामुद्रधुनीचें सुमारें ८०० किलोमीटर खवळलेलें पाणी असून तें ओलांडावयास जवळजवळ दोन दिवस लागतात. या जहाजांवर अलीकडे मराठी बोलणेंही कानीं पडतें. आयुष्यभराच्या शिलकेंतून ही एकच मोठी सफर करणारीं पेन्शनर जोडपीं त्यांत असतात. आणि पोषाखाच्या अज्ञानामुळें त्यांतील एखाद्याचे अर्धे दिवस केबिनमध्यें शेगडीपाशीं बसल्यासारखे जावेत, याहून दुःखाची गोष्ट ती कोणती?

मुंबई-पुण्याकडील मनुष्याची थंडीविषयींची कल्पना महाबळेश्वराच्या डिसेंबरापुरती असते. अंगांत रोजचा गंजिफ्राक, त्यावर एक भरभक्कम स्वेटर, कानटोपी, फार झालें तर शाल. अंटार्क्टिकास जावयाचें म्हणतांच तो याच हिशेबाची पट वाढवितो, आणि खांद्यांस न पेलणारा एक ओव्हरकोट विकत घेतो. गंजिफ्राक मात्र तोच राहतो. सारी चूक तेथेंच आहे.

वास्तविक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत उष्णमान शून्य अंशाच्या आसपासच असतें. लडाखांतील लेह गांवचा जानेवारी याहून कितीतरी कडक. परंतु उष्णतामापकांतील पारा शरीराची खरी हकीकत सांगत नाहीं. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या दोघां अमेरिकन संशोधकांनीं अंटार्क्टिकांतच उघड्या वाऱ्यांत पाण्याचें भांडें टांगून तें किती वेळांत गोठतें याचीं मोजमापें घेतलीं, आणि वारा शरीराची ऊब कशी पळवितो याचें गणित प्रथम मांडलें. तें गणित पुढें सुधारण्यांत आलें. आजच्या कोष्टकाप्रमाणें शून्य अंशाची हवा ताशीं ४० किलोमीटर वेगानें वाहूं लागली कीं उघड्या चेहऱ्यास ती उणे ७ अंशांसारखी बोंचते. त्यांत अंग ओलें असेल तर विचारूंच नये; कारण पाणी हवेच्या सुमारें पंचवीसपट त्वरेनें उष्णता वाहून नेतें.

आतां ही ओल केवळ समुद्राची नव्हे. अधिक फसवी ओल घामाची. जहाजाच्या आंत चांगली ऊब असते. किनाऱ्यावर उतरण्याची सूचना होतांच प्रवासी सगळे कपडे चढवून रांगेंत उभा राहतो, वर जीवरक्षक जाकीट बांधतो, आणि पंधरा मिनिटांत आंतून घामेजतो. सुती गंजिफ्राक हा घाम पिऊन बसतो व लवकर वाळत नाहीं. मग उघड्या रबरी होडींत वारा लागला कीं तोच गंजिफ्राक पाठीला गार पोटिसासारखा चिकटतो. वरच्या ओव्हरकोटाची किंमत कितीही असो, तो येथें कांहीं करूं शकत नाहीं.

म्हणून त्वचेलगत सूत नको. तेथें पातळ मेरिनो लोंकर हवी, नाहींतर घाम बाहेर सोडणारें पॉलिएस्टरचें अंतर्वस्त्र. त्यावर लोंकरीचा किंवा फ्लीसचा सैलसर स्वेटर. आणि सर्वांवर वारा व पाणी दोन्ही अडविणारें, टोपीचें जाकीट व तसाच पायजमा. ऊब कपड्यांत नसून कपड्यांच्या थरांमध्यें अडकलेल्या कोरड्या हवेंत असते. यासाठीं एक जाड वस्त्र घेण्यापेक्षां तीन सुटीं बरीं. चालतांना एक उतरवितां येतें, उभें राहिल्यावर पुन्हा घालतां येतें. पिसांचें जाकीट हलकें व उबदार खरें, पण भिजलें कीं त्याची फुगोटी बसते; तें बाह्य आवरणाखालींच शोभतें. लोंकरीचा गुण महाराष्ट्रास नवा सांगावयास नको. भर पावसांत माळावर मेंढरें राखणारा धनगर घोंगडीची खोळ करून उभा असतो. ती भिजते, पण त्याची सोबत सोडीत नाहीं.

सैल कपड्याचें महत्त्व ध्रुवप्रदेशांतील मूळ रहिवाशांस पूर्वींपासून ठाऊक होतें. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळांत उत्तर कॅनडांत नेत्सिलिक लोकांच्या शेजारीं राहिला आणि त्यांच्यापासून कातड्याचा ढगळ पोषाख वापरावयास शिकला. आंतल्या अंगरख्याची केसाळ बाजू आंत, बाहेरच्याची बाहेर, व मध्यें हवा खेळती. १४ डिसेंबर १९११ रोजीं तो दक्षिण ध्रुवावर पोंचला. त्याच्यामागून महिन्याभरानें पोंचलेल्या स्कॉटच्या मंडळींच्या अंगावर लोंकर व गॅबर्डीन होतें. परततांना त्या पांच जणांस मृत्यूनें गांठलें, त्याचें खापर कपड्यांवर फोडणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. जड घसरगाड्या स्वतः ओढणाऱ्या माणसांस केसाळ कातडीं सोसलींही नसतीं.

पायांची व्यवस्था निराळी. होडी कांठास पुरती लागत नाहीं. प्रवाशास घोटाभर, क्वचित् त्याहून खोल पाण्यांत उतरावें लागतें. त्यासाठीं गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट लागतात. ते पुष्कळ जहाजांवर उसने मिळतात. जाकीटही कित्येक कंपन्या देतात, तेव्हां खरेदीपूर्वीं विचारलेलें बरें. विजारीचा पाय बुटाच्या बाहेरून सोडावा, आंत खोंवूं नये, नाहींतर एक लाट बुटांत जाऊन बसते. मोज्यांवर मोजे कोंबणें हीही एक वेडी समजूत आहे. बूट आंवळला कीं रक्ताचा ओघ मंदावतो आणि तीन मोज्यांतील पाय एका मोज्यांतल्याहून अधिक गारठतो. हातांसाठीं आंत पातळ मोजा व वर चारी बोटें एकत्र राहणारा थैलीवजा मोजा. मग फोटो काढतांना वरचा काढला तरी बोटें उघडीं पडत नाहींत. काळा चष्मा विसरूं नये. ताजें बर्फ सूर्याचे अतिनील किरण मोठ्या प्रमाणांत परत फेकतें.

स्त्रियांपुढें साडीचा प्रश्न येतो. जहाजावरील भोजनगृहांत साडी अवश्य नेसावी, वर शाल घ्यावी. परंतु हलत्या होडीच्या रबरी कडेवर बसून लाटेंत उतरतांना साडी केवळ गैरसोयीची नव्हे, धोक्याची आहे. तेथील पाणी गोठण्याच्या बेतांतच असतें. खाऱ्या पाण्याचा तो बिंदु उणे १.८ अंश. तोल गेलाच तर पायांत गुंतलेलें ओलें वस्त्र वर येऊं देत नाहीं. ज्यांची हयात नऊवारींत गेली अशा आजीबाईंनींही त्या दोन तासांपुरती विजार घालावी. पेंग्विनांस त्याचें कांहीं वाटत नाहीं.

उतरण्यापूर्वीं आणखी एक सोपस्कार असतो. प्रवाशांचे बूट जंतुनाशक पाण्यांत बुडवितात, आणि खिसे, शिवणी, चिकटपट्ट्या यंत्रानें झाडून घेतात. पक्ष्यांच्या साथीमुळें अलीकडे बर्फावर बसण्यास वा गुडघे टेकण्यासही मनाई आहे. हें सारें कित्येकांस उगाच अवडंबर वाटतें. पण किंग जॉर्ज बेटावर माणसाच्या पायांबरोबर आलेलें परकें गवत रुजलें आहे, आणि तें उपटून काढण्यासाठीं शास्त्रज्ञांस खटपट करावी लागली आहे. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर डोंगर चढून आलेल्याच्या मोज्यांत किती कुसळें राहतात हें ते मोजे धुणारीच जाणते. तेच मोजे व तीच पाठपिशवी या सफरीस न्यावयाची असेल, तर सामान बांधण्यापूर्वीं एक दुपार चिमटा घेऊन उन्हांत बसावें, आणि शिवणींतलें कुसळ न् कुसळ घरींच काढून टाकावें.