ओरखडा पॉलिशला कीं लांकडाला?

मुंबईच्या चोरबाजारांतून जुनें शिसवी मेज घरीं आणलें, कीं त्याचे ओरखडे डोळ्यांत सलतात आणि हात तत्काळ कांचकागदाकडे जातो. माझाही गेला होता. तासाभरांत ओरखडे गेले. पण कित्येक वर्षांच्या हाताळणीनें आलेली झळाळीही गेली. ती पुन्हा आणतां आली नाहीं.

म्हणून आधीं एवढेंच पाहावें: ओरखडा पॉलिशला आहे, कीं लांकडाला? नख अडकत नसेल, तर तो बहुधा पॉलिशपुरताच असतो. मग पायाच्या आंतल्या, न दिसणाऱ्या बाजूस स्पिरिटचा एक थेंब लावावा. तेथें चिकटपणा आला, तर तें चपडा लाखेचें, म्हणजे फ्रेंच पॉलिश समजावें. लाख स्पिरिटांत विरघळते. म्हणून तसें पातळ केलेल्या लाखेचे हात फडक्यांत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानें दिले, कीं नवा थर जुन्याशीं एकजीव होऊन ओरखडा बुजतो. हें काम चालू असतांना दिवा व शेगडी मात्र दूर ठेवावी.

खोल खांच, पॉलिश वाळल्यावर, लांकडाच्या रंगाच्या मेणानें भरावी. तरीही एखादी दिसत राहिली, तर राहूं द्यावी. आपल्याआधीं त्या मेजाशीं कोणी लिहीत बसलें होतें, याची तेवढीच खूण उरते.