पडद्यावरचे पान आणि शेवटचा बाक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते फळ्यावर लिहिता लिहिता मधेच वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी जात आणि आपलेच अक्षर तेथून वाचून पाहत. शेवटच्या बाकावरच्या मुलाला जे दिसत नाही ते लिहिलेच गेले नाही, अशी त्यांची धारणा होती. संकेतस्थळांच्या मांडणीविषयी बोलताना मला याहून योग्य आरंभ सुचत नाही.

अभिकल्पाचे शिक्षण घेणारा आपल्या भागातील एक विद्यार्थी सुटीत मला भेटला. संत्रा बागायतदारांसाठी त्याने आपले पहिले संकेतस्थळ रचले होते. मोठ्या पडद्यावर ते देखणे दिसले : बागेचे भव्य छायाचित्र, सरकणारी अक्षरे, पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर. मी म्हटले, "हे वडिलांच्या मोबाईलवर, बागेत, उन्हात उघड." वडिलांनी चष्मा सावरला, चित्र उमटेपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, "बाबू, यात भाव कुठी हाय?" भाव होता, पण चौथ्या पानावर, एका चिन्हाआड.

त्या एका प्रश्नात या विद्येचे सार आहे. पाहुणा पानावर येतो तो काही शोधत येतो. १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, तीही विखुरलेली माहिती संशोधकांना सहज सापडावी म्हणून. सजावट नंतर आली. म्हणून मुख्य उत्तर पहिल्याच दर्शनी असावे. दुव्यांची नावे वाचकाच्या बोलीतली असावीत. चित्र इतके जड नसावे की मंद जोडणीवर माणूस कंटाळून परत फिरेल. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण, साध्या आकाराच्या मजकुरासाठी, किमान ४.५ : १ असावे, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. राखाडी मजकूर उन्हात का हरवला, याचे उत्तर येथे आहे.

आता आपल्या लिपीकडे वळू. देवनागरीत मात्रा शिरोरेघेवर चढतात, उकार खाली उतरतात. रोमन लिपीसाठी ठरविलेले ओळींमधील अंतर तिला अपुरे पडते. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. त्यांनी घडविलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचला. हाताचे वळण जाणणारा माणूसच यंत्राला अक्षर शिकवू शकतो, याचा तो दाखला आहे.

सीमेवरच्या आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी. लिपी एकच असली तरी 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे वेगळी आहेत. पानाच्या सांकेतिक मजकुरात भाषेची खूण 'मराठी' अशी दिली आणि टंकात तशी सोय असली, तर ती वळणे उमटतात. खूण हिंदीची राहिली, तर उमटत नाहीत. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांतील भेद टंकाने पाळला नाही, तर निमंत्रण गुरूला जायचे ते स्वयंपाक्याला जाईल! ही हौस नव्हे, अर्थाचे रक्षण आहे.

त्या विद्यार्थ्याने छायाचित्र लहान केले, अक्षर काळे केले, ओळी मोकळ्या केल्या आणि भाव सर्वांत वर आणला. पान पूर्वीइतके दिपवणारे राहिले नाही. पण वडिलांनी ते पुन्हा उघडले, आणि या वेळी काहीच विचारले नाही.

विद्यार्थी मित्रहो, साधने बदलतील. तुम्ही मात्र आपले काम पुरे झाले असे म्हणण्यापूर्वी एकदा मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहा. गुरुजींना वाहिलेली तीच खरी आदरांजली ठरेल.