सुरू होते, पण टिकत नाही



इंजिनिअरिंगची पदवी घेतली, तरी गाडीचं बॉनेट मी पहिल्यांदा उघडलं ते बाबा गेल्यावर. त्यांची जुनी पेट्रोल गाडी सुरू व्हायची, क्षणभर गुरगुरायची आणि बंद पडायची. एका गॅरेजने पेट्रोल पंप बदलायला सांगितला. भाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाकू.

विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदला. (प्रोग्रॅममधली चूकही मी अजून तशीच शोधते.) गाडी सुरू करून फक्त ॲक्सिलरेटर जरा दाबून धरला. चालूच राहिली! म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगीही पडत होती. पाय काढला की बंद. आता संशय हवेवर. पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. इंजिन नुसतं चालू राहण्यापुरती हवा बाजूच्या बारीक वाटेने, एका छोट्या व्हॉल्व्हमधून जाते. ती वाट काजळीने बुजली होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांनी ती क्लीनर मारून साफ केली. पंप अजून जुनाच आहे.

आज त्याच गाडीने आलेय. बाई, परतताना तुम्हाला घरी सोडू?