टाइलला भोक पाडताना



नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या आठवड्यातच भिंतीला भोकं पाडायचं काम निघतं. गीझर, आरसा, टॉवेलचा दांडा, बेसिनचे ब्रॅकेट. आणि त्यात एखादी तरी टाइल तडकतेच. मग कुणी प्लंबरला बोल लावतं, कुणी बिल्डरला. माझं स्पष्ट मत असं, की बहुतेक वेळा चूक पद्धतीत असते. आपल्या भिंती बदलल्या. भोक पाडायची रीत मात्र विटेच्या भिंतीचीच राहिली.

आधी टाइल ओळखायला हवी. भिंतीला लावतात ती साधी सिरॅमिक टाइल आतून सच्छिद्र असते, आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. कडक असतो तो वरचा चकचकीत थर. तो भेदला की पुढचं काम सोपं. व्हिट्रिफाइड टाइलचं तसं नाही. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांची भुकटी प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रं बुजवतो. ही टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, आणि वरपासून खालपर्यंत सारखीच कठीण असते. गुजरातमधल्या मोरबीच्या भट्ट्यांतून निघालेली ही टाइल आज घरोघरी जमिनीवर आहे, भिंतीवरही चढली आहे.

ड्रिल मशीनला लावलेलं काँक्रीटचं बिट ठोके देऊन चुरा करतं. वीट आणि काँक्रीट हे सोसतात. टाइल सोसत नाही. ती दाब चांगला झेलते, पण ताण आला की तडकते. मागे सिमेंट नीट भरलेलं नसेल तर प्रत्येक ठोक्याला ती किंचित वाकते, आणि तडा कोपऱ्यापर्यंत धावतो. म्हणून आधी बोटाच्या पेराने टाइल वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला तर जागा बदलावी. कडेला अगदी लागूनही भोक घेऊ नये. आणि मशीनवरचा हॅमरचा खटका बंद करावा. एवढं एक जरी पाळलं तरी निम्म्या टाइल वाचतील, असं मला वाटतं.

मग भोक पडणार कसं? इथे मला गुजरातमधल्याच खंभातची आठवण होते. खंभातचे कारागीर अकीकाच्या मण्यांना भोकं पाडतात. अकीक म्हणजे क्वार्ट्झच; मोह्सच्या मापावर कठीणपणा सुमारे ७. सळईच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवायच्या, कमानीने ती फिरवायची आणि मण्यावर सतत थेंब थेंब पाणी सोडायचं. ठोका कुठेही नाही. हिरा दगड झिजवतो, पाणी ती भुकटी वाहून नेतं आणि टोक थंड ठेवतं.

आजचं डायमंड बिट हेच करतं. ते पोकळ नळीसारखं असतं, हिऱ्याचे कण कडेला. मधे टोक नसल्यामुळे गुळगुळीत टाइलवर ते घसरतं. म्हणून सुरुवातीला मशीन तिरपं धरावं. कडेने चंद्रकोरीसारखी खाच पडली की हळूहळू सरळ करावं. वेग कमी, हात हलका. दुसऱ्या माणसाने बाटलीतून पाणी सोडत राहावं, पण मशीनवर उडू देऊ नये. बॅटरीवरचं मशीन असेल तर उत्तम. भोकातून दुधासारखा गाळ येत असेल तर काम ठीक चाललंय. कोरडी धूळ किंवा धूर दिसला की थांबायचं. हिरा म्हणजे शेवटी कार्बन. फार तापला की तोही जळतो. शेवटच्या मिलिमीटरला जोर आणखी कमी करावा. टाइलची गोल चकती नळीत अडकून बाहेर आली की मग काँक्रीटचं बिट लावा, भिंतीत खुशाल हॅमर चालू करा.

पुढे स्क्रूसाठी भोकात बसवायच्या गिट्टीची गोष्ट आहे, आणि तिथेच पुष्कळ जण फसतात. नायलॉनची ती फुगणारी गिट्टी आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये काढली. स्क्रू पिळला की ती फुगते, हाच तिचा गुण. पण ती टाइलच्या जाडीत फुगली तर चांगलं पडलेलं भोकही तडकतं. ती टाइलच्या मागे, भिंतीत ढकलली पाहिजे. बाथरूमच्या जमिनीला मात्र शक्यतो भोक पाडूच नये. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर एकदा फुटला की खालच्या घराच्या छताला ओल येते.

आता जे सांगायचं ते टाइलपेक्षा महत्त्वाचं आहे. कोरडं भोक पाडताना उडते ती सिलिकाची बारीक धूळ. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ज्या खंभातने ही कला जपली, तिथलेच अकीक घासणारे कामगार या रोगाने गेले आहेत. भोकं पाडायला आपल्या घरी येणारा मुलगा दिवसभर दहा घरांत हीच धूळ श्वासात घेतो. पाणी टाइलसाठी लागतं, त्याहून जास्त त्याच्यासाठी लागतं.

डायमंड बिट महाग असतं, त्याने वेळही जातो. म्हणून माणूस बोलावताना त्याला घाई करू नका. बिटाचे पैसे आपण द्या, एक चांगला मास्क आणून ठेवा, आणि पाण्याची बाटली आपण स्वतः धरा.