‘हायपोअलर्जेनिक’ म्हणजे काय?

क्रीमच्या डबीवर ‘हायपोअलर्जेनिक’ लिहिलेलं दिसलं की आपण चार पैसे जास्त मोजतो. त्याचा अर्थ एवढाच, की अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता कमी, असं कंपनी म्हणते. होणारच नाही, असं नव्हे. अमेरिकेत १९७५ साली सरकारनं हा शब्द छापण्यासाठी चाचणीची अट घातली. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ साली ती अट रद्द झाली.

म्हणून आपण डबीमागची घटकांची यादी वाचूया. ‘फ्रॅग्रन्स’ म्हणजे सुगंध. त्यानं अनेकींना त्रास होतो. नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर थोडी थोडी लावून पाहूया. खाज किंवा पुरळ आलं, तर लगेच बंद करूया आणि डबी घेऊनच डॉक्टरांकडे जाऊया.